गोचिडीपासून सावध

श्रावणातील अमावस्या जवळ आली म्हणजे ताडकळस गावातील गोठ्यांना निराळीच कळा येते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील हे गाव गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या कसदार जमिनीवर वसलेले आहे. कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारी ही ह्या भागातील प्रमुख पिके. आता शेतात ट्रॅक्टर आले, तरी बैलाचा मान अजून कमी झालेला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. त्या दिवशी बैलांना ओढ्यावर नेऊन घासूनपुसून धुतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले त्यांचे खांदे हळद व तूप लावून मळतात. ह्या कामात घरातील मुलांचा उत्साह मोठ्यांपेक्षाही अधिक असतो. कोणी पाणी ओततो, कोणी शेपटीचा गोंडा विंचरतो, तर कोणी गळ्याखालची पोळी चोळून बैलाची मर्जी संपादन करतो.

असे चोळता चोळता एखाद्या मुलाच्या बोटांना बैलाच्या कानामागे एक टणक, गोल दाणा लागतो. तो दाणा राखी रंगाचा, गुळगुळीत आणि एरंडीच्या बीएवढा असतो. मुलगा लगेच ओळखतो, की ही गोचीड आहे. तो नखांनी धरून तिला हिसका देऊन उपटतो, दोन बोटांत चिरडतो, रक्ताने भरलेली बोटे चड्डीला पुसतो आणि आईने हाक मारताच तसाच भाकरी खावयास बसतो. बैलाची पीडा दूर केल्याचे समाधान त्याच्या मुद्रेवर दिसत असते. त्याचा हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. परंतु एवढ्याशा कृतीत त्याच्या हातून तीन चुका झाल्या आहेत. त्या कोणत्या, हे समजण्यासाठी गोचिडीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

गोचीड ही आपल्या लोकांना फार प्राचीन काळापासून परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात तिचा दृष्टांत आला आहे. गाईच्या कातडीच्या पातळ पदराआड गोड व पवित्र दूध असते. तरी त्याच्या शेजारी राहणारी गोचीड ते सोडून रक्तच पिते, असे ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे. जवळ असलेले चांगले सोडून मनुष्य वाईटाच्या मागे कसा लागतो, हे सांगण्यासाठी त्यांनी ही उपमा योजली. त्यांचे निरीक्षण अचूक होते. रक्त हेच गोचिडीचे एकमेव अन्न आहे. एरंड आणि गोचीड ह्यांच्यातील साम्यही केवळ आपल्याच लोकांना दिसले असे नाही. एरंडाचे शास्त्रीय नाव ‘रिसिनस’ असे आहे आणि ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ गोचीड असाच आहे.

पुष्कळांना गोचीड हा कीटक वाटतो; परंतु तो समज बरोबर नाही. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. कोळी व विंचू हे तिचे आप्त होत. तिला पंख नसतात, त्यामुळे ती उडू शकत नाही. पिसवेप्रमाणे तिला उडीही मारता येत नाही. मग ती जनावराच्या किंवा मनुष्याच्या अंगावर येते तरी कशी?

ती वाट पाहते. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकाशी चढून ती पुढचे दोन पाय हवेत पसरून बसते. तिच्या ह्या पुढच्या पायांवर एक सूक्ष्म इंद्रिय असते. प्राण्याच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू, त्याच्या अंगाचा वास आणि ऊब ह्या गोष्टी तिला त्या इंद्रियाने कळतात. गाय, कुत्रा किंवा मनुष्य गवताला घासून गेला, की ती त्याच्या केसांना अथवा कपड्यांना चिकटते. नंतर ती हळूहळू वर सरकते व जेथे कातडी पातळ आणि आडोसा अधिक, अशी जागा शोधते. वाट पाहण्यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही. अन्नावाचून कित्येक महिने ती जिवंत राहू शकते.

योग्य जागा सापडली, की ती आपले तोंड कातडीत रोवते. तिच्या सोंडेसारख्या मुखभागावर मागे वळलेले बारीक दाते असतात, त्यामुळे ती सहज निघत नाही. शिवाय अनेक जातींच्या गोचिडी तोंडातून एक चिकट द्रव सोडतात. तो वाळला म्हणजे भिंतीत खिळा सिमेंटने पक्का बसवावा, तसे तिचे तोंड कातडीत पक्के बसते. तिच्या लाळेत वेदना कमी करणारे व रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. डास चावला तर तत्काळ समजते; गोचीड चावली तर बहुधा समजतच नाही. तिचा खरा धोका येथेच आहे.

गोचिडीच्या आयुष्यात चार अवस्था असतात. पोटभर रक्त प्यालेली मादी जनावराच्या अंगावरून खाली गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, दगडाखाली किंवा गवताच्या बुडाशी हजारो अंडी घालून मरते. अंड्यांतून खसखशीच्या दाण्यासारखी बारीक पिल्ले बाहेर पडतात. त्यांना सहाच पाय असतात. रक्त पिऊन ती कात टाकतात, तेव्हा त्यांना आठ पाय फुटतात. ह्या तिसऱ्या अवस्थेतील गोचीड पुन्हा रक्त पिते, पुन्हा कात टाकते व पूर्ण वाढीची होते. काही जाती हे सारे आयुष्य एकाच जनावराच्या अंगावर काढतात. काही जाती मात्र प्रत्येक अवस्थेत नवे शरीर शोधतात. आज उंदराच्या अंगावर, उद्या माकडाच्या, परवा गाईच्या, असा त्यांचा प्रवास चालतो. एका प्राण्याच्या रक्तातील रोगजंतू दुसऱ्याच्या रक्तात जावयास ह्याहून सोपी वाट कोणती असणार?

गोचिडीमुळे रोग पसरतो, ही गोष्ट शास्त्राने सिद्ध केली त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील गुरे उत्तरेकडे विकावयास नेली, की उत्तरेतील गुरे तापाने पटापट मरत. नवल असे, की दक्षिणेतून आलेली गुरे स्वतः अगदी धडधाकट दिसत. हा सारा गोचिडीचा प्रताप आहे, असे काही गुराखी म्हणत. पण विद्वानांना ते हास्यास्पद वाटे. थिओबाल्ड स्मिथ व फ्रेडरिक किलबोर्न ह्या दोन शास्त्रज्ञांनी १८८९ पासून ह्याचा पडताळा घेण्यास आरंभ केला. एका कुरणात त्यांनी दक्षिणेची गोचिडी असलेली गुरे उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवली. दुसऱ्या कुरणात ठेवण्यापूर्वी दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरील एकूण एक गोचीड हाताने वेचून काढली. आणखी एका कुरणात दक्षिणेची गुरे आणलीच नाहीत, नुसत्या गोचिडी सोडल्या. जेथे जेथे गोचिडी होत्या, तेथे तेथे उत्तरेची गुरे आजारी पडली. जेथे त्या वेचून काढल्या होत्या, तेथील गुरे सुखरूप राहिली. १८९३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुराख्यांचे म्हणणे खरे ठरले.

त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉस ह्यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले. ते सिकंदराबादच्या छावणीत घडले. त्या काळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सिकंदराबाद हे त्याच संस्थानाच्या राजधानीला लागून आहे. पूर्णा जंक्शनवरून आजही तिकडे रेल्वेगाडी जाते. चिमुकले प्राणी मोठमोठ्या रोगांचे वाहक असतात, हे ज्ञान जगाला अशा रीतीने होत गेले.

गुरांना गोचिडीपासून होणारे दोन रोग आपल्या शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. एकात जनावराला तीव्र ताप येतो, गळ्यापाशी व खांद्यापाशी गाठी सुजतात, खाणे सुटते आणि दूध आटते. त्याला गोचीडताप असेच म्हणतात. दुसऱ्यात रक्तातील तांबड्या पेशी फुटून लघवी तांबडी होते. संकरित जर्सी किंवा होल्स्टीन गाईंना ह्या रोगांचा उपद्रव विशेष होतो. लाल कंधारी व देवणी ह्या मराठवाड्याच्या देशी जाती गोचिडींना त्यामानाने अधिक दाद देत नाहीत. परंतु त्याही सर्वस्वी सुरक्षित नसतात. रोग झाला नाही, तरी रक्तशोषण चालूच असते. एक मादी सुमारे अर्धा ते एक मिलिलिटर रक्त पिते. ज्या गाईच्या अंगावर अशा शेकडो गोचिडी असतील, तिची दशा काय होईल, ह्याचा हिशेब मुलांनाही करता येईल.

हा धोका गुरांपुरताच मर्यादित नाही. १९५७ च्या मार्च महिन्यात कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास जंगलात लाकूडफाट्यासाठी जाणारे आसपासचे ग्रामस्थ भयंकर तापाने आजारी पडू लागले. माकडे मारणारा आफ्रिकेतील व दक्षिण अमेरिकेतील पीतज्वर तर येथे आला नाही ना, अशी भीती निर्माण झाली. पुण्यास १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेच पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. त्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी जंगलात मुक्काम ठोकला, मेलेल्या माकडांचे अवयव व माणसांचे रक्त तपासले, आणि गवतातून व जनावरांच्या अंगावरून गोचिडी गोळा केल्या. हा पीतज्वर नसून जगाला अज्ञात असलेला एक नवाच विषाणू आहे आणि तो गोचिडींमुळे पसरतो, असे त्यांना आढळून आले. त्या जंगलावरून रोगास क्यासानूर वनरोग असे नाव पडले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

माकड मेले, की त्याच्या थंड पडत चाललेल्या अंगावरील गोचिडी खाली उतरून भोवतालच्या पाल्यापाचोळ्यात पसरतात. त्यामुळे ती जागा धोक्याची बनते. अनेक वर्षे हा रोग कर्नाटकातच होता. पुढे तो सह्याद्रीच्या जंगलपट्ट्याने वर सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागात त्याची लागण झाली. काजूच्या बागांत काम करणाऱ्या आणि रानात गुरे चारणाऱ्या लोकांना त्याची झळ लागली. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे रान कोरडे असताना, त्याचा जोर असतो. एकाएकी चढणारा ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी, पराकाष्ठेचा अशक्तपणा आणि काही रुग्णांत रक्तस्राव ही त्याची लक्षणे होत. शंभर रुग्णांपैकी सुमारे तीन ते पाच रुग्ण दगावतात. ह्या रोगावर रामबाण औषध नाही. वेळेवर इस्पितळात नेऊन शुश्रूषा करणे, हाच उपाय आहे.

दुसरा एक रोग क्रायमिन-काँगो रक्तस्रावी ताप ह्या लांबलचक नावाने ओळखला जातो. भारतात त्याची पहिली निश्चित नोंद २०११ च्या जानेवारीत गुजरातच्या अहमदाबाद जिल्ह्यात झाली. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतच तपासले गेले. पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या वैद्यकीय मंडळींनाही लागण झाली आणि त्यांपैकी काहींना प्राणास मुकावे लागले. हा विषाणू शरीरात असूनही गुरे आजारी दिसत नाहीत. मनुष्याला तो गोचिडीच्या चाव्याने होतो. लागण झालेल्या जनावराच्या रक्ताचा स्पर्श झाल्याने, तसेच गोचीड उघड्या बोटांनी चिरडल्यानेही तो होऊ शकतो. खांदमळणीच्या दिवशी बोटांत गोचीड चिरडणाऱ्या मुलाने हे वाक्य विसरता कामा नये.

ह्याखेरीज कुत्र्याच्या अंगावरील गोचिडींमुळे होणारा एक तापही महाराष्ट्रात आढळतो. त्यात ताप येऊन अंगावर तांबडे पुरळ उठते आणि ते पुष्कळदा तळहातांवर व तळपायांवरही दिसते. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भाच्या इतर भागांत पसरलेला स्क्रब टायफस हा रोग मात्र गोचिडीमुळे होत नाही. तो तिच्याच नात्यातील, डोळ्यांना क्वचितच दिसणाऱ्या माइट नावाच्या प्राण्याच्या पिल्लांमुळे होतो. त्यांच्या चाव्याच्या जागी पुष्कळदा विडीने भाजल्यासारखी काळी खपली धरते. झुडपांतून व वाढलेल्या गवतातून हिंडणाऱ्यांनाच ह्याचीही बाधा होते. म्हणून गोचिडीविरुद्ध घेतलेली काळजी येथेही उपयोगी पडते. हे दोन्ही ताप वेळीच ओळखले, तर औषधाने बरे होतात. हयगय केली, तर जिवावर बेततात.

हे वाचून कोणी रानात जाणेच सोडून द्यावे, असे मात्र नाही. बहुसंख्य गोचिडींच्या शरीरात मनुष्यास घातक असे जंतू नसतात. शिवाय निसर्गाने मनुष्याला एक सवलत दिली आहे. अंगावर चढलेली गोचीड लगेच चावत नाही. जागा शोधण्यात ती पुष्कळ वेळ घालवते. चावल्यानंतरही काही रोगांचे जंतू शरीरात शिरण्यास अवधी लागतो. अमेरिकेत व युरोपात आढळणाऱ्या लाइम नावाच्या रोगात बहुधा चोवीस तासांहून अधिक वेळ गोचीड चिकटून राहिली, तरच लागण होते. सर्वच रोगांत इतका अवधी मिळतो असे नाही. म्हणून गोचीड जितकी लवकर सापडेल व निघेल, तितके चांगले. भीतीपेक्षा तत्परता अधिक कामाची, हेच ह्या सर्व माहितीचे सार आहे.

रानात किंवा धुऱ्यावर जावयाचे असेल, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घालावी. विजारीची टोके पायमोज्यांत खोचावी, म्हणजे गोचिडीला कपड्याच्या आत शिरावयास वाट राहत नाही. कपडे शक्यतो फिक्या रंगाचे असावेत. पांढऱ्या कापडावर चालणारी काळपट गोचीड चटकन दिसते. गडद कापडावर ती लपून जाते. अनवाणी जाऊ नये. पायवाटेच्या मधून चालावे, कडेच्या गवतातून नव्हे. गुरे चारताना गवतावर लोळू नये. बसावयाचे झाल्यास स्वच्छ दगडावर बसावे. अंगाला लावण्याची कीटकरोधक मलमे व तेले मिळतात. ती मोठ्या माणसांना विचारून लावावी. कर्नाटकातील माकडतापाच्या भागात जंगलात जाणाऱ्यांना अशा प्रकारचे डेपा तेल वाटण्यात येते. आपल्याच देशातील संरक्षण संशोधन संस्थेने ते शोधून काढले आहे. रानात मेलेले माकड दिसले, तर त्याला हात न लावता, जवळही न जाता, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

घरी परतल्यावर दोन तासांच्या आत साबण लावून आंघोळ करावी आणि सर्व अंग नीट न्याहाळावे. केसांची मुळे, कानांच्या मागची बाजू, मानेचा खळगा, काखा, बेंबी, कंबर, जांघा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू ह्या गोचिडीच्या आवडत्या जागा आहेत. जेथे आपली दृष्टी पोहोचत नाही, तेथे आईने किंवा भावंडांनी पाहावे. रानातून आलेले कपडे अंथरुणावर टाकू नयेत. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. घरच्या कुत्र्याचे कान व पायांची बोटे ह्यांचीही तपासणी करावी, कारण रानातील गोचीड पुष्कळदा त्याच्याच पाठीवर बसून घरात येते.

इतके करूनही गोचीड चिकटलेली आढळली, तर घाबरू नये. निमुळत्या टोकाचा चिमटा घ्यावा. कातडीच्या अगदी जवळ, म्हणजे गोचिडीच्या तोंडापाशी धरावे. तिचे फुगलेले पोट दाबू नये. नंतर न पिळता, हिसका न देता, सावकाश सरळ वर ओढावे. चिमटा नसेल, तर बोटांना कापड किंवा कागद गुंडाळून हेच करावे. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला व तो सहज निघत नसेल, तर सुईने टोकरत बसू नये. तो पुढे आपोआप बाहेर पडतो. चाव्याची जागा व आपले हात साबणाने स्वच्छ धुवावे आणि जागेवर जंतुनाशक औषध लावावे. काढलेली गोचीड चिरडू नये. ती स्पिरिटच्या बाटलीत टाकावी किंवा चिकटपट्टीत घट्ट गुंडाळावी.

गोचिडीवर रॉकेल ओतणे, तिला विडीने किंवा काडीने चटका देणे, चुना अथवा तेल थापणे असे काही जुने उपाय लोक करतात. ते मुळीच करू नयेत. त्यांमुळे गोचीड लवकर सुटत नाही. उलट ती त्रासून आपली लाळ व पोटातील द्रव जखमेत ओकते आणि रोगाचा संभव वाढतो. आपली कातडी भाजते, ते निराळेच.

ज्या दिवशी गोचीड चावली, तो दिवस पंचांगात किंवा वहीत लिहून ठेवावा. पुढील तीन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे व ‘गोचीड चावली होती’ हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. ताप तर नाना कारणांनी येतो. ह्या एका वाक्याने डॉक्टरांना योग्य दिशा मिळते आणि कित्येकदा प्राण वाचतो.

मनुष्याचे रक्षण करावयाचे, तर आधी गोठ्याचे रक्षण केले पाहिजे. कारण आपल्या खेड्यांत गोचिडीचे मुख्य ठाणे तेथेच असते. जनावराच्या अंगावर जितक्या गोचिडी दिसतात, त्यांहून कितीतरी अधिक भिंतींच्या भेगांत, गव्हाणीखाली व शेणाच्या ढिगाजवळ अंड्यांच्या व पिल्लांच्या रूपाने असतात. म्हणून भेगा लिंपाव्या, भिंतींना चुना द्यावा, गोठा दररोज झाडावा आणि शेण व उरलेला चारा दूरच्या उकिरड्यावर टाकावा. कोंबड्या गोठ्यात वावरत असतील, तर त्या गोचिडी वेचून खातात. गुरांच्या मागे फिरणारे शुभ्र गायबगळे व त्यांच्या पाठीवर बसणाऱ्या साळुंक्याही ह्या कामी हातभार लावतात. गोचीडनाशक औषधे मात्र विषारी असतात. ती पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत, आणि मुलांनी तर त्यांना शिवूही नये. औषध प्रमाणाबाहेर वा पुनःपुन्हा एकच वापरले, तर गोचिडी त्याला सरावतात व ते निरुपयोगी ठरते. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. संकरित गुरांसाठी गोचीडतापावरील लसही उपलब्ध आहे. त्याचा लाभ घेणे, हे शहाणपणाचे होय.

आता खांदमळणीच्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. त्याने गोचीड नखांनी हिसकून उपटली, ही पहिली चूक. त्यामुळे तिचे तोंड बैलाच्या कातडीत तुटून राहिले व तेथे जखम होण्याची भीती उत्पन्न झाली. ती उघड्या बोटांत चिरडली, ही दुसरी चूक. तिच्या पोटात जंतू असते, तर बोटावरील एखाद्या ओरखड्यातून ते त्याच्या शरीरात शिरले असते. हात न धुता व स्वतःचे अंग न पाहता तो जेवावयास बसला, ही तिसरी चूक. ज्या गवतातून बैलाच्या अंगावर गोचीड आली, त्याच गवतातून तो मुलगाही हिंडला होता, ह्याचे त्याला भान राहिले नाही.

ह्या तिन्ही चुका सुधारावयास फार काही लागत नाही. एक चिमटा, एक घट्ट झाकणाची बाटली, एक साबणाची वडी आणि थोडीशी सावधगिरी एवढे पुरे आहे. पोळ्याच्या दिवशी ताडकळसच्या वेशीत बैल मिरवू लागतात. कोणाच्या शिंगांना रंग असतो, कोणाच्या पाठीवर झूल असते, कोणाच्या गळ्यात घुंगरमाळा वाजत असतात. परंतु ज्या बैलाच्या कानामागे, वशिंडाखाली व शेपटीच्या बुडाशी एकही गोचीड नाही, त्याच्या धन्याने त्याला खरा साज चढविला, असेच म्हटले पाहिजे. आणि तो साज चढविणारे हात स्वच्छ धुऊन पुरणपोळीच्या ताटावर बसले, म्हणजे बैलाचा सण व घरच्यांचे आरोग्य ही दोन्ही साधली.